अर्धा इंच माया

शिंप्यांच्या बोलण्यात ‘माया’ म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी हकिकत उलटी शिवली जाईल. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात ती माया. बाहेरून ती दिसत नाही. उद्या माणूस सुटला, पोरगं उंच झालं, की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, आणि कपडा पुन्हा अंगाला बसतो. गंमत अशी, की कापताना ते कापड राखून ठेवायचं त्याला ‘माया सोडणं’ म्हणतात, आणि पुढं उसवून ते मोकळं करायचं त्यालाही मास्तरांच्या दुकानात ‘माया सोडणं’च म्हणत. राखून ठेवणं आणि देऊन टाकणं, दोन्हीला एकच शब्द. मास्तरांच्या आयुष्याचा घोटाळा झाला तो या शब्दापायी.

माया सगळेच शिंपी ठेवतात. मास्तर इतरांपेक्षा अर्धा इंच जास्त ठेवायचे. त्यांनी शिवलेला लग्नातला कोट माणूस लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घालू शकायचा. तोवर केस गेलेले असायचे, उत्साह गेलेला असायचा, पण कोट बसायचा. म्हणून सगळी गल्ली त्यांना पाठीमागं ‘अर्धा इंच’ म्हणायची. मग हळूहळू तोंडावरही म्हणायला लागली. मास्तरांना राग यायचा नाही. उलट कुणी “काय अर्धा इंच, बरं आहे ना?” म्हणालं, की ते “देवाच्या कृपेनं पाऊण आहे,” असं उत्तर द्यायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे.

दुकान किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सवाल्याच्या मधोमध, दोघांनी थोडं थोडं सरकून जागा द्यावी तितकंच. पुढं दोन पायमशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीला शास्त्रवचनांची दिनदर्शिका आणि एक आरसा. त्या आरशात कुणीही थोडा बारीक दिसायचा. गिऱ्हाइकं म्हणत तो मुद्दाम आणलाय; मास्तर म्हणत भिंतच वाकडी आहे. अगदी मागं खिडकीपाशी एक बुटकं स्टूल होतं. त्यावर ताई बसायची.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना न्हाऊमाखू घातलं, प्रार्थना शिकवली, सुई हातात दिली. मास्तर दोघांना भीत असत, देवाला आणि ताईला, आणि दर वेळी याच क्रमानं असं काही नाही. दुकानातलं काज-बटणाचं काम तिच्याकडं. काज म्हणजे बटण जाण्यासाठी पाडलेली चीर. ती हातानं गुंफायची तर मन लागतं आणि नजर लागते. ताईचं काज असं असायचं, की बटण आत जाताना जरा आढेवेढे घ्यायचं, पण गेलं की घरच्यासारखं बसायचं. काजाच्या शेवटाला ती दोन आडवे टाके घालायची आणि त्यांच्यावर तिसरा एक बारीकसा तिरपा. “कुलूप लावलं,” म्हणायची.

“ताई, काजाला पण जरा माया ठेवत जा की,” मास्तर तिला डिवचायचे.

“काजाला माया नसते,” ती मान वर न करता म्हणायची. “कापलं की कापलं. चुकलं तर उसवून नीट करता येत नाही. तुझं बरंय बाबा, तुझं सगळं आयुष्यच उसवण्याजोगं.”

आणि ते खरंच होतं. मास्तर माणूस देवभोळा. रविवारची उपासना त्यांनी चुकवली नाही. तिसऱ्या बाकाच्या कडेची जागा त्यांच्या बसण्यानं जरा खोलगट झाली होती. पण कापडात ठेवायचे तसा देवाच्या प्रत्येक आज्ञेतही ते अर्धा इंच ठेवायचे. विसाव्याच्या दिवशी काम करायचं नाही, म्हणजे मशीन चालवायचं नाही. इस्त्री हे काही काम नव्हे, तो विस्तव आणि कापड यांच्यातला खाजगी मामला. शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरायचा नाही, पण झेरॉक्सवाल्याच्या पंख्याकडं नुसतं बघितलं तर त्याला लोभ म्हणता येत नाही, कारण तो पंखा चालू असला की थोडा वारा इकडंही येतोच. खोटी साक्ष देऊ नये हे तर त्यांना लहानपणापासून पाठ. मग ते गिऱ्हाइकाला “परवा नक्की” म्हणून सांगायचे त्याचं काय? त्याचंही उत्तर तयार होतं. “परवा ही साक्ष नव्हे, ती आशा आहे.”

एका रविवारी पाळकसाहेबांनी आज्ञापालनावर उपदेश केला. बावीस वर्षं हेच पाळक त्या मंडळीत होते. आवाज मऊ, पण शब्द नेमका. ते म्हणाले, “जगाची माया सोडा. थोडी नव्हे, सगळी. देवाला उरलंसुरलं नको, पूर्ण माप हवं.” सगळी मंडळी गंभीर झाली. तिसऱ्या बाकावर मास्तर प्रसन्न झाले. घरी जाताना ताईला म्हणाले, “बघ, साहेबांनी पण सांगितलं. माया सोडा. मी तर रोज सोडतो, अर्धा अर्धा इंच.”

ताई थांबली. “तू ठेवतोस ती सोडतोस. ते सोडायची सांगतात ती वेगळी.”

“शब्द एकच आहे ना?”

“शब्द एकच आहे म्हणूनच तर तुझं फावतंय.”

मास्तर हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग कोपऱ्यावर शोरूम उघडलं. काचेचा दरवाजा, आत गारवा, आणि पाय ठेवताना आपलेच बूट जुने वाटावेत अशी चकचकीत फरशी. आठवडाभरात शोरूमच्या मालकाचा माणूस मास्तरांना बोलवायला आला. मास्तर सवयीनं मागच्या दारानं जायला निघाले, तर मालक स्वतः पुढच्या काचेच्या दारात उभा. “अहो, तिकडून कुठं? इकडून या, सर.”

सर! मास्तरांना जन्मात कुणी सर म्हणालं नव्हतं. मास्तर म्हणालं होतं, शिंपी म्हणालं होतं, अर्धा इंच म्हणालं होतं, गिऱ्हाइकांच्या घाईत नुसतं “अहो कात्री” असंही म्हणालं होतं. सर ऐकल्यावर ते मागं वळून बघायला लागले, की आपल्या पाठीमागून कोण आलंय. कुणी नव्हतं. सर तेच होते. त्यांना गादीची खुर्ची दिली. आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करून माप घेतलेल्या माणसाला कुणी बसवून घेतलं, की तो फार अवघड अवस्थेत सापडतो. मास्तर त्या खुर्चीत जे बसले ते मनानं पुढं कित्येक महिने उठलेच नाहीत.

कामही साधंच होतं. शोरूमसाठी कोट शिवायचे. कापड त्यांचं, हात मास्तरांचा, काजं ताईची. मास्तरांनी मन लावून शिवले. प्रत्येक कोटात त्यांचा तो ठरलेला चोरखिसाही घातला, डाव्या बाजूला आत, चष्म्याच्या मापाचा. हात आत नेला की चष्मा आपोआप त्यात उतरायचा. ही त्यांची स्वतःची करामत. दुसरं कुणी करत नसे, कारण दुसऱ्या कुणाला ती गरजेची वाटत नसे.

पहिले कोट पोचवले त्या दिवशी मालकानं एक छोटं खोकं पुढं सरकवलं. आत रेशमी लेबलं. त्यावर सोनेरी धाग्यात दूरच्या कुठल्याशा शहराचं नाव.

“हे काय?”

“कॉलरच्या आत लावायची, सर.”

“पण कोट तर मी शिवलेत. तिथं.” मास्तरांनी हात करून गल्लीची दिशा दाखवली, जणू मालकाला पत्ता सापडत नव्हता.

“अहो सर, तुमचं काम तिकडच्या तोडीचंच आहे की! मग तिकडचं नाव लावलं तर बिघडलं कुठं? मी तुमचा मानच करतोय. आणि गिऱ्हाइकाला आनंद होतो. आनंद देणं पाप आहे का? तुम्ही तर चर्चला जाणारी माणसं.”

आपण नाही म्हणायला हवं, हे त्यांना नीट, स्वच्छ कळलं. हे महत्त्वाचं आहे. पुढं ते स्वतःला कधीच असं सांगू शकले नाहीत, की तेव्हा कळलं नव्हतं. ‘नाही’ जिभेच्या टोकावर आलं होतं. पण नाही म्हटलं तर काचेचा दरवाजा, गादीची खुर्ची आणि ‘सर’, सगळं जाणार. ते म्हणाले, “बघतो.”

आणि त्यांनी बघितलं ते असं. लेबल पक्क्या शिवणीनं लावायचंच नाही. चार कोपऱ्यांना चार कच्चे टाके, ओढले की निघतील असे. पक्का टाका म्हणजे साक्ष. कच्चा टाका म्हणजे नुसती अफवा. अफवा पसरवायची नसते हे त्यांना ठाऊक होतं, पण कच्च्या टाक्यानं पसरवली तर ती किती लांब जाणार? ताई दुपारी चारला घरी गेली, की मास्तर जुन्या कागदी बेतांच्या गठ्ठ्याखालून ते खोकं काढायचे, पाठ दिनदर्शिकेकडं करायचे आणि टाके घालायचे. पाठ का करता, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, उजेड तिकडून येतो. उजेड तिकडून येत नव्हता.

पाळकसाहेबांची बदली ठरली. मंडळीनं त्यांना निरोपाची भेट म्हणून कोट द्यायचं ठरवलं. ही बातमी मास्तरांना आतून कळली तेव्हा त्यांनी घडी न मोडलेलं एक चांगलं कापड बाजूला काढून ठेवलं आणि मंडळीच्या खजिनदारांची वाट बघत बसले. खजिनदार आले, पण जरा आडून आडून बोलायला लागले.

“मास्तर, राग मानू नका हं. तुम्ही साहेबांना बावीस वर्षं शिवलंय. पण ही निरोपाची भेट. तेव्हा सगळे म्हणाले, एकदा काहीतरी बाहेरचं देऊ या.”

“बाहेरचं?”

“कोपऱ्यावरच्या शोरूममधून आणलाय. परदेशी आहे. काय फिनिशिंग हो! तुम्ही बघाल तर…” आणि इथं खजिनदारांनी मास्तरांच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला, “तुम्हालाही शिकण्यासारखं आहे.”

मास्तरांना हसू आलं. तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. खजिनदार दोन दिवस चिडले असते, मग आयुष्यभर हीच गंमत सांगत फिरले असते. मास्तर म्हणाले, “छान.” त्या ‘छान’मध्ये किती माया होती, ते एक देवालाच ठाऊक.

निरोपाच्या रविवारी चर्च भरलं होतं. उपासना संपली, भाषणं झाली, खजिनदारांनी कोट उंच धरून कॉलर उलटी केली आणि पुढच्या बाकांना ते सोनेरी नाव दाखवलं. पुढच्या बाकांनी मागच्या बाकांना सांगितलं. पाळकसाहेबांनी अंगातला जुना कोट काढला, त्याची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि नवा चढवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलण्यासाठी म्हणून साहेबांनी चष्मा काढला आणि सवयीनं हात डावीकडं आत नेला.

चष्मा आपोआप उतरला.

साहेबांचा हात तिथंच राहिला. क्षणभरच. मग त्यांनी मान वर करून तिसऱ्या बाकाच्या कडेला बघितलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही यातले जाणकार. सांगा बरं सगळ्यांना, हा कोट कुठला?”

सगळी डोकी वळली. मास्तर उभे राहिले. त्यांना साहेब दिसत होते, आणि मधल्या वाटेच्या पलीकडं, बायकांच्या बाजूला, पहिल्या बाकावरची ताई दिसत होती. ती साहेबांच्या छातीकडं एकटक बघत होती. काजांकडं. दोन आडवे, वर एक तिरपा. तिनं काजांवरची नजर काढली आणि भावाकडं लावली. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. लहानपणी शास्त्रपाठ म्हणताना ते अडखळले, की ती अशीच बघायची, पुढचा शब्द त्याचा त्याला आठवू दे म्हणून.

“बाहेरचाच दिसतोय, साहेब,” मास्तर म्हणाले.

बघा, तिथंही! ‘आहे’ म्हणाले नाहीत, ‘दिसतोय’ म्हणाले. देवाच्या घरात, भरल्या मंडळीसमोर, अंगाला घाम फुटलेला असताना या माणसाचा हात अर्धा इंच सोडायला विसरला नाही.

पुन्हा टाळ्या झाल्या. पाळकसाहेब “असं का,” एवढंच म्हणाले. चष्मा बाहेर काढून त्यांनी पुसला, बराच वेळ पुसला, आणि मग आशीर्वादाची प्रार्थना केली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती उभीच राहिली.

“बस की,” मास्तर म्हणाले.

“नाही. मी आता येणार नाही.”

“ताई, अगं ऐक…”

“मी काही विचारलंय का?” तिनं सुया टोचायची आपली छोटी उशी उचलली, बोटातलं अंगुस्तान पदरात टाकलं. “जी काजं केली ती केली. आणखी नाही करणार.”

“लोक विचारतील. काय सांगू?”

ताईनं दारात वळून बघितलं. “तू काही सांगू नकोस. तू सांगायला लागलास की अवघड होतं. मी सांगेन.”

आणि तिनं सांगितलं. किल्लीवाल्याला सांगितलं, झेरॉक्सवाल्याला सांगितलं, मंडळीतल्या बायकांना सांगितलं: डोळ्यांनी दिसेनासं झालं, म्हणून काम सोडलं. सगळे हळहळले. “वयच झालं,” म्हणाले. जिनं जन्मात होयला होय आणि नाहीला नाही सोडून तिसरं काही म्हटलं नव्हतं, तिनं भावाची अब्रू झाकायला स्वतःच्या शब्दात माया ठेवली. मास्तरांनी एकदा तिच्याकडं जाताना तिला गच्चीवर बसून दोरा ओवताना बघितलं. एका दमात, न बघता ओवला. ते जिन्यातूनच परत फिरले. पाप आपण एकट्यानं करतो असं त्यांना वाटत आलं होतं. त्याचं माप दुसऱ्याच्या अंगावरही घेतलं जातं, हे त्या जिन्यात कळलं.

निदान तेव्हा तरी त्यांनी शोरूममध्ये जाऊन नाही म्हणायचं होतं. म्हणणारच होते. परवा. काजं मशीनवर करून घेऊन त्यांनी आणखी कोट दिले, आणि प्रत्येक खेपेला ठरवलं, की पुढच्या खेपेला नाही म्हणायचं. मग एक दिवस ते गेले तर काचेच्या दारात मालक नव्हता. एक अनोळखी माणूस म्हणाला, “ए मास्तर, इकडून नाही, मागून जा.” मागच्या दारापाशी त्यांना कळलं, की कोट आता दुसरीकडून तयारच येतात. लेबलासकट. सर संपले. जगाला नाही म्हणायची तयारी ते करत बसले होते. जगानंच त्यांना आधी नाही म्हटलं. विरोध करायचीही एक वेळ असते, ती त्यांनी ‘परवा’वर ढकलत ढकलत घालवली. पुढं कुणी त्यांच्यासमोर म्हणालं, “बरं झालं मास्तर, तुम्ही ते शोरूमचं सोडलंत,” की ते कसनुसे व्हायचे. त्यांनी काहीच सोडलं नव्हतं.

यानंतर दोन वर्षं गेली. मास्तरांचे विनोद कमी झाले. अर्धा इंच म्हणून हाक आली तर पूर्वीसारखं पाऊण म्हणायचे नाहीत, “हो” म्हणायचे. दुकानातलं स्टूल तसंच होतं. त्यावर कुणी कापडाचा तागा ठेवला तर मास्तर तो उचलून खाली ठेवायचे.

मग एका सकाळी पार्सल आलं. आत कोट. त्यावर पाळकसाहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी.

“मास्तर, नव्या जागी लोक फार जेवू घालतात. कोट आवळू लागला आहे. इथल्या शिंप्याला दाखवला, तर तो म्हणाला, बाहेरच्या कोटात माया नसते. मी म्हटलं, या कोटात असेल. सैल करून पाठवा. लेबल पहिल्याच आठवड्यात गळून पडलं, ते सोबत पाठवतो. त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. खिशात हात गेला तेव्हाच मला कळलं होतं. तुम्हीच सांगावं असं वाटलं, म्हणून विचारलं. पण एकांतात विचारायला हवं होतं. ती माझी चूक. मी तिची क्षमा मागतो.”

मास्तर चिठ्ठी हातात घेऊन ताईच्या रिकाम्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्यावर ते पहिल्यांदाच बसत होते. फार बुटकं होतं. गुडघे हनुवटीला लागले. तसेच बसून ते रडले. किल्लीवाला डोकावला आणि कधी नव्हे ते काही न बोलता परत गेला. ज्याचा अपराध केला तो माणूस क्षमा मागतोय! शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना कुठंतरी ठेवता आल्या असत्या. ही क्षमा ठेवायला त्यांच्याकडं जागाच नव्हती.

पुढच्या रविवारी नव्या तरुण पाळकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे?” आणि तिसऱ्या बाकावरून मास्तर उठले. मंडळी चकित झाली. मंडळीसमोर उभं राहून देवाविषयीचा आपला अनुभव सांगायचा, अशी साक्ष या माणसानं कधी दिली नव्हती. ते म्हणाले, “साहेबांना दिलेला तो कोट मी शिवला होता. लेबल खोटं होतं. ते मीच लावलं होतं. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.” एवढंच. कुठंही ‘दिसतोय’ नाही, ‘म्हणजे असं’ नाही.

मग खजिनदार हळूच म्हणाले, “म्हणजे मास्तर, तुमचा नको म्हणून आम्ही कोपऱ्यावर गेलो आणि तुमचाच घेऊन आलो?”

“हो.”

“आणि मी तुम्हाला म्हणालो, शिकण्यासारखं आहे?”

“हो.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं चर्च हसलं. खजिनदार तर डोळे पुसायला लागले. “अर्धा इंच, अहो, कमाल केलीत तुम्ही!” कुणी पाठीवर थाप मारली, कुणी म्हणालं, जाऊ द्या हो, झालं गेलं. मास्तर धोंडे झेलायची तयारी करून आले होते आणि त्यांच्यावर हसू पडलं. प्रेमाचंच होतं ते. पण त्यांना वाटलं, यांनी क्षमाही सैल मापाची दिली. आपल्याला बसतच नाही. त्या हसणाऱ्यांमध्ये फक्त एक जण हसत नव्हती. ताईनं डोळे मिटले होते.

संध्याकाळच्या आत ते कोट घेऊन तिच्याकडं गेले. चहा झाला. मग म्हणाले, “ताई, दुकानात ये. स्टूल तिथंच आहे.”

“कशी येऊ?” ताई म्हणाली. “सगळ्यांना सांगून बसलेय, डोळे गेले म्हणून. आता काय सांगू, परत आले?”

मास्तरांना हसायला येईना आणि रडायलाही येईना. “मी सांगतो. माझ्यामुळंच बोललीस.”

“नाही. तुझं तू सांगितलंस, माझं मी सांगेन. माझं खोटं माझ्या तोंडचं आहे.” तिनं कोट मांडीवर ओढला, काजांवरून बोट फिरवलं. एकाचा टाका सुटला होता. “हे बघ, कुलूप निघालं. दे इकडं सुई.”

तिनं दोरा ओला करून टोक वळलं आणि सुईशी नेला. दोरा बाजूनं गेला. पुन्हा नेला, पुन्हा हुकला. ती खिडकीकडं सरकली, सुई उजेडात धरली. तिसऱ्यांदा दोरा सुईच्या भलत्याच बाजूला गेला तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं, की ते श्वास रोखून बसले आहेत.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“झालं असेल वर्ष,” ती म्हणाली आणि हसली. “बघ, खोटं बोलले तर खरंच झालं की रे! आता साक्ष द्यायची म्हणजे केवढा घोळ. तेव्हा दिसत होतं, आता दिसत नाही, कोण समजून घेणार?”

“देवानं शिक्षा केली असं म्हणू नकोस.”

“छे, त्याला काय दुसरे उद्योग नाहीत? वय झालं.” मग दोऱ्याचं टोक पुन्हा वळत म्हणाली, “पण ते मधलं वर्ष-दीड वर्ष चांगलं होतं रे डोळ्यांचं. काजं झाली असती पुष्कळ.”

उसवून नीट करता येण्याजोगं ते नव्हतं. त्यांनी तिच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि परत दिली. बोटांच्या सवयीनं ताईनं काज पुरं केलं. दोन आडवे. वरचा तिरपा जरा लांब गेला.

पुढच्या रविवारी ताई उठली आणि आपलं सांगितलं. कुणी हसलं नाही, कारण कुणाला नीट कळलंच नाही. आता ती पुन्हा स्टुलावर बसते. रोज सकाळी दुकान उघडलं, की मास्तर आधी दहा सुया ओवून तिच्या उशीला टोचून ठेवतात आणि मग स्वतःचं काम सुरू करतात. मोठ्या बटणांचीच काजं तिला देतात, ती चुकली की गुपचूप बाजूला ठेवतात, आणि तिनं विचारलं, “बिघडलं का रे?” तर “हो ताई, बिघडलं,” असं सांगतात. हे ‘हो’ म्हणताना त्यांच्या जिवाचं पाणी होतं. पण म्हणतात. गिऱ्हाइकांना ‘परवा’ म्हणायचंही त्यांनी बंद केलं. त्यामुळं काही गिऱ्हाइकं तुटली, कारण खरी तारीख ऐकायची लोकांना सवय नसते.

पाळकसाहेबांचा कोट त्यांनी स्वतः उसवला. दोन्ही बाजूंची, पाठीची, बाह्यांची, होती तेवढी सगळी माया बाहेर काढून काठाकाठावर शिवण मारली. कॉलरच्या आत, जिथं लेबल होतं, तिथं अस्तरावर चार कोपऱ्यांना चार बारीक भोकं राहिली होती. कच्च्या टाक्याची. मास्तरांनी इस्त्री फिरवली, पाणी मारलं, नखानं घासून बघितलं. रेशमी अस्तरात सुई गेली की गेली. भोकं बुजली नाहीत.

अस्तर बदलता आलं असतं. त्यांनी बदललं नाही. कोटाची घडी घातली आणि चिठ्ठी लिहिली. ती लिहायला त्यांना दोन दिवस लागले, आणि शेवटी झाली एवढीच:

“साहेब, होती नव्हती ती सगळी माया सोडली आहे. आता यात काही शिल्लक नाही. कृपा करून यापुढं जाड होऊ नका.”